ताटाच्या कडेला काय उरतंय ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेतीन वर्षांची. वरणभात, तूप-पोळी आणि बटाटा सोडून काही खात नाही. पालक मिक्सरमधून काढून पराठ्यात घातलात, तो तिनं ओळखला आणि आता पराठाही बंद. सासूबाई म्हणतात, एक दिवस उपाशी राहिली की मुकाट्यानं खाईल. त्यात जूनपासून शाळेचा डबा सुरू होणार. तर भाज्या कोणत्या आणि कशा करायच्या?

मी बावीस वर्षं पाळणाघर चालवते. रोज पंधरा-अठरा मुलं जेवायला असतात, दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंतची. स्वयंपाक आमच्या मावशी आणि मी मिळून करतो आणि वाढतेही मीच, त्यामुळे कोण काय खातंय आणि कोण काय थुंकतंय ते रोज हातभर अंतरावरून बघते. त्या जोरावर सांगते.

पहिले चार दिवस नवं काहीही करू नका. घरात जी भाजी होते ती चमचाभर तिच्या ताटात वाढा आणि ताट उचलण्याआधी त्याकडे नीट बघा. तिनं काय काढून ठेवलंय? साल, बी, धागा, की कोथिंबिरीचं पान? घास जिभेला लागताच थुंकला, की पाच मिनिटं गालात धरून मग चोथा बाहेर काढला? ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात चवीचा प्रश्न असतो, दुसऱ्यात चावण्याचा. आपण दोन्हीला 'भाजी आवडत नाही' म्हणतो आणि मग उपाय भलतीकडेच करत बसतो.

हे मला एका चार वर्षांच्या मुलानं शिकवलं. दुधीची भाजी वाढली की तो मान फिरवायचा. दुधी आवडत नसेल, असं मी धरून चालले होते. एकदा त्याच्या शेजारीच मांडी घालून बसले. त्यानं भाजी बोटानं पसरवली आणि एकेक मोहरी नखानं टिपून ताटाच्या कडेला ओळीनं मांडायला लागला. नऊ मोहऱ्या झाल्या. विचारलं तर अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकू, यात किडे आहेत." त्या दिवसापासून आमच्याकडे मुलांच्या भाजीला मोहरी नाही. फोडणी जिऱ्याची नाहीतर नुसती हिंग-हळदीची. कढीपत्त्याची काडी अख्खी टाकायची आणि वाढण्याआधी काढून घ्यायची. आठवडाभरानं त्यानं दुधी खाल्ला. मागून घेतला नाही, पण ताट रिकामं केलं.

आता चावण्याचं. साडेतीन वर्षांच्या मुलाला दुधाचे वीसही दात आलेले असतात, म्हणून आपल्याला वाटतं की त्याला सगळं चावता येत असेल. पण गवारीचा धागा किंवा घेवड्याची शीर दाढेखाली धरून बारीक करणं त्याला अजून जमत नाही. मऊ रस गिळून होतो, चोथा तोंडात राहतो आणि मग त्याला ओकारी येते. हे बहुतेक सगळं विळीवरच निस्तरता येतं. फरसबीच्या दोन्ही बाजूंच्या शिरा काढायच्या आणि ती तिरकी नाही, आडवी आणि अगदी बारीक चिरायची. दोडक्याच्या शिरा तासायच्या (त्यांची चटणी मोठ्यांना होते). टोमॅटोची साल काढायची, कारण शिजल्यावर तिची सुरळी होते आणि ती घशात अडकल्यासारखी वाटते. पालेभाजीचं अख्खं पान टाळूला चिकटतं, म्हणून ती चिरून घेतली तरी वर घोटायचीही. शेवग्याची शेंग चोखून खाणं मुलांना फार आवडतं, पण वर्षभर तरी गर आपण चमच्यानं खरवडून आमटीतच घाला.

याच्याच जोडीला सुरक्षेचं एक सांगते. चार-पाच वर्षांपर्यंत कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खे शेंगदाणे, अख्खे चणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. गाजर किसून द्या, दाण्याचं कूट घाला. मटार वाफवला की चमच्याच्या पाठीनं दाबून चपटा करून वाढा. मुलांना चपटे मटार गमतीदारही वाटतात.

चवीत सगळ्यात मोठी अडचण कडवटपणाची. मोठ्यांना मेथी 'जराशी कडसर' लागते, तीच मुलांच्या जिभेला बरीच जास्त कडू लागते. कोबी, मुळा, कारलं, मेथी या सगळ्यांचं हेच. काही मुलांना तर कडू चव जन्मतःच जास्त जाणवते, घरातल्या दोन भावंडांतही फरक असतो. यात तिचा हट्ट किंवा तुमचे लाड बघू नका.

त्या कडूपणाला मी एकदा नाटक म्हटलं होतं, तेही सांगते. दुधीच होता. पहिल्या मुलीनं घास थुंकला, तिच्यामागून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. मी म्हटलं, एकाचं बघून सगळे करतायत, आणि "नाटकं नकोत, गप खा" असा आवाज चढवला. मावशींनी तेवढ्यात पातेल्यातली फोड तोंडात टाकली आणि तशीच मोरीत थुंकली. कडूजहर! अख्खं पातेलं फेकलं. दुधी क्वचित असा निघतो. त्यातला कडू घटक विषारी असतो, उलट्या-जुलाब होतात, प्रसंगी गंभीर होतं. शिजवूनही तो जात नाही. त्यामुळे दुधी, दोडका, घोसाळं, काकडी चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून बघायचाच. कडू लागला की थुंकायचा, चूळ भरायची आणि भाजी सरळ टाकून द्यायची. मीठ-साखर घालून सुधारायला जायचं नाही. मुलं नको म्हणाली की आता मी आधी स्वतः खाऊन बघते.

साध्या, नेहमीच्या कडवटपणावर आपल्या स्वयंपाकघरात उत्तरं आहेतच. मीठ कडूपणा दाबतं. तूप, दाण्याचं कूट, ओलं खोबरं त्याची धार कमी करतं. गुळाचा सुपारीएवढा खडा चालतो, त्याहून जास्त नको, नाहीतर तिला भाजी गोडच हवी असं होऊन बसेल. मेथी करायची तर पानंच घ्या, देठ अजिबात नको, आणि जेवढी मेथी तेवढीच भिजवलेली मूगडाळ. लसूण चांगला तांबूस झाल्यावर डाळ, डाळ मऊ झाल्यावर मेथी, वर झाकण नाही. पहिल्या महिन्यात मात्र मेथीच्या वाटेला जाऊच नका.

सुरुवात भेंडीनं करा. ही एक भाजी सविस्तर सांगते, कारण बहुतेक घरांत ती बुळबुळीत होते आणि मग मूल ती कायमची सोडतं. पाव किलो भेंडी अख्खीच धुवायची, फडक्यानं पुसायची आणि तासभर फडक्यावर पसरून ठेवायची. घेतानाच टोक मोडून बघावं. कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. विळी किंवा सुरी कोरडी हवी. अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या. लोखंडी कढईत दोन मोठे चमचे तेल, त्यात जिरं, हिंग, हळद, मग भेंडी. आच मध्यमपेक्षा थोडी मोठी. झाकण अजिबात ठेवायचं नाही, वाफ कोंडली की बुळबुळ वाढते. सुरुवातीला उलथन्याला तारा सुटतात, तेव्हा घाबरून पाण्याचा हबका मारू नका. तीन-चार मिनिटांनी दोन आमसुलं टाका, नाहीतर अर्ध्या लिंबाचा रस. आंबटानं तारा तुटतात. मग मधून मधून हलवत दहा-बारा मिनिटं. मीठ अगदी शेवटी, कारण आधी घातलं की भेंडीला पाणी सुटतं. चकत्यांच्या कडा तांबूस झाल्या की उतरवायची आणि आमसुलं काढून घ्यायची. ही भाजी पोळीबरोबर नको, वाटीत नुसती द्या. हातानं उचलता येते, बियांची नक्षी दिसते. आमच्याकडे तिचं नाव 'चाकं' आहे, आणि चाकं मोजत मोजत जातात.

दुसरी भाजी ताकातल्या पालकाची, म्हणजे आपली पातळ भाजी. तुमच्या पराठ्यातला पालक फसला, पण हा बहुधा चालेल, कारण तो वरणासारखा दिसतो आणि भातावर येतो. तिला वरणभात आवडतो ना? मग तिच्या ओळखीच्या रस्त्यानंच जाऊ. पालकानं दातांवर एक खरखर येते, ती त्यातल्या ऑक्झालेटमुळे. म्हणून पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा आणि ते पाणी टाकून द्या. मग बारीक चिरून, मऊ शिजलेल्या मूठभर मूगडाळीबरोबर रवीनं घोटा. मिक्सर नको, त्यानं गुळगुळीत हिरवं पाणी होतं आणि मुलांना ते औषधासारखं वाटतं. वाटीभर ताज्या, गोडसर ताकात चमचाभर बेसन कालवून त्यात घाला, मंद आचेवर ढवळत उकळी आणा, दाण्याचं कूट आणि मीठ. वर तूप-जिरं-लसणाची फोडणी. आंबट चुका किंवा अळू पुढे यात जमतं. अळू मात्र चिंचेशिवाय करू नका, घशाला खाजतं.

पालक म्हणजे लोह, असा एक समज पक्का आहे, त्यावर दोन वाक्यं. पालकातलं लोह शरीराला फार थोडं मिळतं. वर लिंबू पिळलं तर जरा बरं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत भारतातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 67 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. तेव्हा तुमची काळजी खोटी नाही, पण तिचा भार एकट्या पालकावर टाकू नका. मुलगी फिकट, मरगळलेली वाटत असेल तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या.

कोबी-फ्लॉवरचं मोठ्या पातेल्यात बिघडतं ते वासामुळे. झाकून जास्त वेळ शिजवलं की गंधकाचा उग्र वास सुटतो आणि मुलं खोलीत शिरतानाच नाक धरतात. कोबी केसासारखा बारीक चिरून मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं परता, सोबत भिजवलेली मूगडाळ. फ्लॉवरचे तुरे तेलावर तांबूस होईपर्यंत परतले की त्यांना खमंग गोडी येते. लाल भोपळ्यात अवघड काहीच नाही, तो मुळात गोड. साल काढून फोडी, तूप-जिरं, झाकणावर पाणी ठेवून एक वाफ, वर खोबरं. घारगेही करा, पण घारगे खाल्ले म्हणजे भोपळा खाल्ला असं धरू नका, त्यात तिनं गूळ खाल्लेला असतो.

बिटाची कोशिंबीर मुलांसमोर करा. वाफवून किसलेलं बीट पांढऱ्या दह्यात पडलं की दही गुलाबी होतं, आणि ते बघायलाच चार जणं ओट्याशी येतात. एकदा आमच्याकडे बीट झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एका आईचा रडवेला फोन, "काकू, हिला लाल शी झालीय." बिटानं शी-शू लालसर होते, घाबरायचं कारण नसतं. तेव्हापासून बिटाच्या दिवशी मी फळ्यावर लिहून ठेवते.

सिमला मिरचीची पीठ पेरून भाजी, वांग्याचे तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर केलेले काप, घोसाळ्याची भजी, हे सगळं चालतं. कुरकुरीत काठ हा मुलांना भाजीकडे आणणारा सोपा रस्ता आहे. तळलं म्हणून नाक मुरडू नका, आठवड्यातून एकदा भजी करून खाल्लेलं घोसाळं न खाल्लेल्या दोडक्यापेक्षा बरं.

आता लपवण्याबद्दल. पराठ्यात पालक घातला यात चूक नाही. "काही नाहीये त्यात" असं सांगितलं असेल तर तिथे बिनसलं. मुलं चवीवरून नाही तरी आपल्या चेहऱ्यावरून ओळखतात, आणि मग तिला आवडणाऱ्या पदार्थावरचाही विश्वास उडतो. थालीपीठ, धिरडं, मुटकुळी यांत भाजी घालायचीच, पण दिसेल अशी. किसलेला दुधी तिच्या देखत पिठात पडू दे. हात बरबटवून तिलाच कालवू दे. मेथी निवडणं, मटार सोलणं ही कामं साडेतीन वर्षांच्या मुलाला छान जमतात. निम्मी पानं जमिनीवर पडतील तेवढं सोसा.

घरात दोन भाज्या शिजवू नका. मोठ्यांचीच भाजी, तिखट आणि गोडा मसाला घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढायची. नंतर तिच्या ताटात एकच चमचा वाढायची. ढीग बघून मूल आधीच हरतं. सोबत तिचा वरणभात असलाच पाहिजे, पोट भरण्याची खात्री असली की नवीन गोष्टीला हात लावायचं धाडस येतं. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची भीती सगळ्याच मुलांना कमी-अधिक असते. एकच भाजी आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. त्यातल्या पहिल्या तीन वेळा नुसतं बघणं, मग बोट लावणं, मग चाटून थुंकणं. थुंकलं तरी ती एक पायरी धरा. बहुतेक आया तिसऱ्या वेळी थांबतात आणि 'आमच्याकडे भेंडी चालत नाही' असं जाहीर करतात, तेही मुलीच्या समोर. ते वाक्य आजपासून बंद. "शहाणी गं माझी" ही वाहवाही नको आणि 'भाजी संपव मग चॉकलेट' हा सौदाही नको, त्यातून भाजी म्हणजे शिक्षा हे पक्कं होतं. मोबाईल लावून भरवलेला घास पोटात जातो खरा, पण आपण काय खाल्लं हे तिला कळतच नाही, त्यामुळे तो या पंधरात मोजू नका.

सासूबाईंच्या म्हणण्यात निम्मं खरं आहे. उपाशी ठेवायचं नाही, पण भूक लागू द्यायची. जेवणाआधी दोन तास बिस्किट, फरसाण, केळं काही नाही. दूध दिवसाला दोन कप, साधारण 400 ते 500 मिलीलिटर, याच्यावर नको. दुधानं पोट भरलेलं मूल भाजीला हात लावत नाही, आणि फार दूध पिणाऱ्या मुलांत लोहही कमी पडतं. आमच्याकडे 'काही खात नाही' म्हणून आलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांची दुधाची बाटली कमी केली, एवढंच आम्ही केलं. सासूबाईंना मात्र एक विनंती करा, त्यांनी तिच्या शेजारी बसून तीच भाजी खावी. आजी मिटक्या मारत खातेय हे बघून जे होतं ते आपल्या सांगण्यानं होत नाही.

मी स्वतःच्या मुलाला पडवळ नाक दाबून भरवलं होतं. पंचविशी उलटली त्याची, अजून पडवळाचं नाव काढलं की ताटावरून उठतो.

मात्र वजन वाढत नसेल, प्रत्येक घट्ट घासाला ठसका किंवा ओकारी येत असेल, खाण्याचे पदार्थ वाढण्याऐवजी एकेक गळत चालले असतील, तर पाककृती बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. काही मुलांना गिळण्याचा किंवा स्पर्शाचा खरा त्रास असतो, तो घरच्या उपायांनी जात नाही.

डब्याचं शेवटी. शाळेच्या डब्यात नवी भाजी कधीच नको. घरी किमान चार वेळा खाल्लेलीच द्यायची. गार झाल्यावर भेंडी मऊ पडते, पालेभाजीला पाणी सुटतं, त्या दोन्ही डब्याला निरुपयोगी. कोबीचं किंवा दुधीचं छोटं थालीपीठ, वाटीनं कापलेलं, तळहाताएवढंच, फ्लॉवरचे परतलेले तुरे, भोपळ्याच्या फोडी. झाकण तिचं तिला उघडता येतंय ना, ते घरी करून बघा. आमच्याकडच्या एका मुलीचा डबा पंधरा दिवस भरलेला परत जात होता, आणि झाकण घट्ट होतं एवढंच कारण निघालं. डबा परत आला की "का नाही खाल्लंस?" विचारू नका. ती झोपल्यावर उघडा आणि काय उरलंय, कुठला तुकडा कुरतडून ठेवलाय, ते बघा.